लाल रेघेची काडतुसं

आमच्या भागात लोक एकमेकांचा ट्रॅक्टर मागून नेतात, वळू मागून नेतात, एका म्हाताऱ्याने तर नातीच्या लग्नापुरती शेजाऱ्याची कवळी मागून नेली होती. पण एकाने घरी भरलेली काडतुसं दुसरा माणूस कधी उडवणार नाही. सख्खा जावई असो की चर्चचा पाद्री, नाही म्हणजे नाही. कारण सरळ आहे. दुकानातलं काडतूस यंत्र भरतं आणि घरातलं माणूस भरतो. माणसाचं डोकं काय, कधी गवतात असतं, कधी गाभण गाईत. बंदुकीची दारू जास्त पडली तर रिव्हॉल्व्हर फुटतं आणि बोटं जातात. दारू पडलीच नाही तर गोळी नळीत अर्ध्या वाटेवर अडकून बसते, तिच्यामागून दुसरी मारली की पुन्हा बोटं जातात. तेव्हा ज्याने भरली त्यानेच उडवावी, असा मोंटानात रिवाज आहे.

या रिवाजाला सूट एकच, घरच्या माणसाची. व्हर्लिन टॉलेफसन स्वतःसाठी काडतुसं भरायचा आणि बायकोसाठी, आर्डिससाठी, भरायचा. लग्न झालं त्या वर्षापासून आर्डिस ती उडवत आली होती. खोक्यात हात घालायची, रिव्हॉल्व्हरच्या चाकात पाच काडतुसं सारायची आणि मारायची. कधी विचारलं नाही की नीट भरलीस ना, कधी उलटून पाहिलं नाही. व्हर्लिन बोलका माणूस नव्हे. बायकोला गोड बोलणं त्याला जन्मात जमलं नाही. पण आर्डिस न बघता खोक्यात हात घालायची ना, ते त्याला बरोबर कळायचं. एवढ्यावर तो खूश होता.

आता त्याची स्वतःची काडतुसं जोरकस असायची आणि आर्डिसची मवाळ. ती एकमेकांत मिसळू नयेत म्हणून आर्डिसच्या काडतुसांच्या बुडावर तो लाल पेनाने एक आडवी रेघ मारायचा. काडतूस तयार झालं की उलटं करायचं, रेघ मारायची, ठेवून द्यायचं. हे त्याच्या हातांत इतकं मुरलं होतं की त्यासाठी डोकं लागत नव्हतं. आणि पुढची सगळी भानगड तिथेच झाली.

त्याआधी एप्रिलमध्ये काय झालं ते सांगतो. गावाबाहेरच्या खडीच्या खाणीत आम्ही सगळे सराव करतो. आर्डिसने चाप ओढला तर ‘ठो’ होण्याऐवजी नुसतं ‘फुस्स’ झालं. दुसरी कोणी असती तर सवयीने पुन्हा चाप ओढून मोकळी झाली असती. आर्डिसने हात खाली घेतला, रिव्हॉल्व्हर टेबलावर ठेवलं, कानांवरची झाकणं काढली आणि म्हणाली, ‘‘व्हर्लिन, हे शिंकलं बघ.’’

गोळी नळीत अडकली होती. काडतुसाच्या पुंगळीत दारूचा कण नव्हता, नुसत्या बुडाच्या टिकलीच्या जोरावर ती बिचारी निम्म्यापर्यंत सरकली होती. असं कसं झालं ते व्हर्लिनला लगेच आठवलं. दारू घालायच्या ऐन वेळी ड्वेनचा फोन आला होता. ड्वेन म्हणजे आर्डिसचा धाकटा भाऊ. त्याचं गवताचे गठ्ठे बांधायचं यंत्र बिघडलं होतं, आणि यंत्र बिघडलं की ते दुरुस्त होईपर्यंत ड्वेन फोन ठेवत नाही. एका कानाला ड्वेन, एका हातात पुंगळी, आणि ती तशीच कोरडी पुढे गेली.

आर्डिस भांडली असती तर परवडलं असतं. ती घरी येताना वाटभर शेजाऱ्यांच्या वासरांविषयी बोलली. दुसऱ्या दिवशी गावात गेली, हार्डवेअरच्या दुकानातून काडतुसांचं एक कोरं खोकं घेऊन आली आणि फ्रिजवर ठेवलं. एवढंच. व्हर्लिन सकाळी कॉफीसाठी दूध काढायला जायचा आणि ते खोकं त्याच्या डोळ्यांत खुपायचं. आपल्या हातचं जेवण सोडून बायकोने रोज खानावळीत जावं, आणि वर आपल्याला म्हणावं की राग नाही हो माझा, तसं त्याला वाटायचं. त्याने फ्रिज दुसऱ्या भिंतीला लावून पाहिला. काही उपयोग झाला नाही.

त्यातच डॉक्टरीणबाईंना त्याच्या रक्तात शिसं सापडलं. बरोबर आहे, माणूस उभा जन्म गॅरेजमध्ये शिसं वितळवून गोळ्या ओतत होता. आर्डिसने त्याच आठवड्यात शिसं वितळवायचं भांडं उचललं, बुडाला भोकं पाडून घेतली आणि त्यात जिरेनियम लावलं. व्हर्लिनला मग टपालाने विकतच्या गोळ्या मागवाव्या लागल्या. आत शिसंच, पण वरून तांब्याचा पातळ मुलामा. पेटी उघडल्यावर त्या अशा काही चकाकल्या की तो पेटीत बघतच राहिला.

‘‘ह्या मारायच्या की कानात घालायच्या?’’ तो म्हणाला.

‘‘तुझ्या रक्तात जाणार नाहीत तेवढं पुरे,’’ आर्डिस म्हणाली.

पण त्याने मनाशी गाठ बांधली. सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारी खाणीत रिव्हॉल्व्हरची स्पर्धा असते. जिंकणाऱ्याला बिडाचा तवा मिळतो, तो वर्षभर त्याच्या घरी राहतो. तवा कित्येक वर्षं आर्डिसच्याच स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेला होता, ती रोज त्यावर अंडी तळायची, आणि ड्वेन दर वर्षी एकेक अंडं मोजून जळायचा. व्हर्लिनला तव्याचं काही नव्हतं. त्या दिवशी आर्डिसने त्याची काडतुसं उडवावीत, एवढंच त्याला हवं होतं. त्याने गॅरेजमधला फोन काढून टाकला, रेडिओ पोटमाळ्यावर नेऊन ठेवला आणि कामाला बसला.

पहिल्या खेपेला तोंडावर आपटला. त्याचं असं आहे, पुंगळीत गोळी बसवली की पुंगळीची कड थोडी आत मुरडावी लागते, म्हणजे गोळी जागची हलत नाही. करंजीला मुरड घालतात ना, जवळजवळ तसंच. घरच्या शिशाच्या गोळ्यांना व्हर्लिन अशी करकचून मुरड घालायचा की काय विचारता. हात तसाच चालला. पण मुलाम्याची गोळी नाजूक. गोठ्यामागे कागद लावून त्याने मारून पाहिलं तर कागदावर गोल भोकं नाहीत, लांबट चिरा. गोळ्या हवेत आडव्या लोळत गेल्या होत्या.

ड्वेन नेमका तेव्हाच टपकला. तो मागितलेला पाना परत करायला आला होता, म्हणजे दुसरा काहीतरी मागायला.

‘‘काय दाजी,’’ कागद न्याहाळत तो म्हणाला, ‘‘गोळ्या मारताय की चमचे फेकताय?’’

‘‘तू पाना ठेव आणि चालू लाग.’’

‘‘नाही, बरं झालं ताईने दुकानातली आणली. माझी ताई एकच आहे हो.’’

ड्वेन गेल्यावर व्हर्लिनने एक काडतूस खोलून गोळी बाहेर काढली. कोवळ्या काकडीत नख रुतावं तशी मुरड तांब्यात रुतून आरपार कापून गेली होती, आतलं शिसं दिसत होतं. कातडं सोललेली गोळी सरळ जाणार कशी? स्वतःच्या हातांवर तो जाम वैतागला. मग त्याने मुरड घालायचा प्रेस ढिला केला, मुरड अगदी हलकी केली, नुसती कड सरळ व्हावी इतकी. आणि पुन्हा मारून पाहिलं.

या वेळी भोकं एकमेकांना चिकटून आली. तीन भोकांवर कॉफीचा कप ठेवला असता तर तिन्ही झाकली गेली असती. व्हर्लिन कागद घेऊन अक्षरशः पळत स्वयंपाकघरात गेला, त्याच्या वयाला ते शोभत नव्हतं. ‘‘आर्डिस, हे बघ.’’

आर्डिसने कागद उजेडात धरला. ‘‘छान आहे,’’ ती म्हणाली. दुसऱ्यांचं बाळ दाखवल्यावर म्हणतात ना, तसं. आणि बीट सोलायला लागली.

फ्रिजवरचं खोकं जागच्या जागी होतं.

एक गोष्ट मात्र या शहाण्याच्या ध्यानात आली नाही. हे सगळं त्याने मारून पाहिलं होतं त्याच्या स्वतःच्या जुन्या रिव्हॉल्व्हरमधून. ते वजनाला ऐरणीसारखं, गोळी सुटली तरी हातात ढिम्म हलत नाही. आर्डिसचा खांदा धरल्यापासून तिने एक छोटंसं, हलकं रिव्हॉल्व्हर घेतलं होतं. उचलायला सोपं, पण मारताना घोड्यासारखी लाथ घालणारं. ते कपाटात होतं. मागितलं असतं तर ‘कशाला?’ असं तिने विचारलं असतं, आणि व्हर्लिनला त्या प्रश्नाला तोंड द्यायचं नव्हतं.

ऑगस्ट संपत आला. गवत कापून झालं. एका दुपारी व्हर्लिन दूध काढायला फ्रिजपाशी गेला, ते दुकानचं खोकं त्याने खाली काढलं, उघडलं, आणि त्याच्या डोक्यात किडा वळवळला. दुकानातल्या गोळ्याही तांबूस. त्याच्याही तांबूस. घरचं शिसं असतं तर करडा रंग मैलावरून ओळखू आला असता, पण आता? आता देवालाही फरक कळला नसता. आर्डिसने दुकानातली समजून आपली उडवावीत, तवा जिंकावा, मग जेवणाच्या वेळी सगळ्यांसमोर आपण हळूच विचारावं, ‘काय गं, दुकानातली बरी होती का?’ त्याला ते दृश्य इतकं आवडलं की तो फ्रिजपाशीच हसला.

ही लबाडी आहे, हे त्याला कळत नव्हतं असं नाही. कळत होतं, पण त्याने ते फार वेळ कळू दिलं नाही.

गुरुवारी आर्डिस चर्चमध्ये गोधड्या शिवायला गेली. व्हर्लिनने गॅरेजचं दार लावून घेतलं. एकेक पुंगळीत दारू मोजून घातली, घातल्यावर बॅटरी मारून आत बघितलं, गोळी बसवायच्या आधी पुन्हा एकदा बघितलं. गोळी बसवली, हलकी मुरड घातली. काडतूस उलटं केलं, फिरवलं, ठेवलं. पुढचं. एवढा जीव ओतून त्याने उभ्या आयुष्यात काही केलं नव्हतं. दुकानातली काडतुसं त्याने ओटच्या डब्यात तळाशी लपवली, कारण उन्हाळ्यात ओट कोण शिजवतं, आणि आपली दुकानच्या खोक्यात टोकं वर करून उभी केली. तांब्याची टोकं ओळीने चमकत होती. व्हर्लिनने झाकण लावलं आणि खोकं फ्रिजवर ठेवलं.

शनिवारी सकाळी पिकअपमध्ये आर्डिस खोकं मांडीवर घेऊन बसली होती. मागे बटाट्याचा भाजून काढलेला हॉटडिश टॉवेलात गुंडाळलेला होता.

‘‘गप्प आहेस,’’ ती म्हणाली.

‘‘मी नेहमीच गप्प असतो.’’

‘‘काही बोलायचंय का?’’

‘‘पाऊस येईलसं वाटतं.’’

आर्डिसने काचेतून वर पाहिलं. आभाळात ढगाचा तुकडा नव्हता. ‘‘असं म्हणतोस,’’ ती म्हणाली. पुढे पूल आला तेव्हा तिने पुन्हा विचारलं, ‘‘दुसरं काही?’’ तेव्हा तो बावळटासारखा म्हणाला की शेजारच्या आल्सेथच्या गाई यंदा बऱ्या दिसतात. मग तिने विचारायचं सोडून दिलं.

खाणीत नेहमीचीच मंडळी होती. घड्याळ आणि शिट्टी ऑपल ब्रेकीच्या गळ्यात. ऑपलबाईंनी आयुष्यभर शाळेची बस चालवली, आणि त्यांच्या बसमध्ये एका पोराने एकदा उभं राहायचा प्रयत्न केला होता, ते पोर आता काउंटीचं शेरीफ आहे आणि अजून त्यांच्यासमोर बसूनच बोलतं. ड्वेनने आधी मारून घेतलं. बरं मारलं त्याने, खोटं कशाला बोलू. ओळीने मांडलेल्या वीसच्या वीस लोखंडी थाळ्या पाडल्या आणि वेळही चांगली दिली.

‘‘तव्यावरची जागा पुसून ठेव, ताई,’’ येता येता तो म्हणाला. ‘‘माझं धिरडं मोठं असतं.’’

‘‘आधी पीठ भिजव,’’ आर्डिस म्हणाली आणि नेम धरायच्या रेषेवर गेली.

तिने खोकं टेबलावर उघडलं, एक काडतूस उचललं आणि चाकात सारलं. मग दुसरं. व्हर्लिन तिच्या मागे बाकावर बसला होता. काडतुसं चाकात गेली की टोकं पुढे जातात आणि बुडं मागे, बघणाऱ्याकडे. उन्हात पाच बुडं चमकली आणि पाचांवर एकेक लाल रेघ.

गुरुवारी काडतूस उलटं केलं, फिरवलं, ठेवलं, म्हणजे काय केलं होतं हे व्हर्लिनला आत्ता, इथे, सगळ्यांच्या देखत कळलं. पन्नासच्या पन्नास काडतुसांवर त्याने स्वतःच्या हाताने आपली सही करून ठेवली होती. हात गाढवाचे आणि डोकं घुबडाचं, असं तो स्वतःला म्हणाला. आर्डिसची मान खाली होती. तिची नजर अशी की कुरणाच्या पलीकडच्या टोकाला कोल्ह्याचं कोणतं पाऊल लंगडतंय ते सांगते. तिला दिसलं नसेल असं म्हणायची सोय नव्हती. पण ती वळली नाही. तिने चाक मिटलं आणि कानांवर झाकणं चढवली.

ऑपलबाईंची शिट्टी झाली.

टण. थाळी पडली. टण. दुसरी पडली. टण, टण. चारही कशा, फुलं खुडावीत तशा. आर्डिस मारायला लागली की बघत राहावं. पाचव्या वेळी तिने चाप ओढला आणि चाप अर्ध्यावर थांबला. चाक फिरेना. तिने पुन्हा ओढला, ते जागचं हललं नाही. घड्याळ चालूच होतं.

‘‘हात तसाच ठेव,’’ ऑपलबाई म्हणाल्या आणि पुढे झाल्या. रिव्हॉल्व्हरची नळी थाळ्यांकडेच ठेवून त्यांनी वाकून बघितलं. चाकाच्या पुढच्या बाजूने एका काडतुसाची गोळी पुंगळीतून पुढे सरकून बाहेर डोकावत होती आणि सांगाड्याला अडली होती. बाकीच्या चार गोळ्या सुटताना हातात जी लाथ बसत होती, तिने ही बिचारी प्रत्येक वेळी थोडी थोडी पुढे निघत आली होती. मुरड सैल, दुसरं काही नाही. चाक बाहेर काढायला त्यांना लाकडी हातोडी दोनदा मारावी लागली.

‘‘दुकानातली ना ही?’’ त्यांनी विचारलं.

‘‘दुकानातलीच,’’ मागून ड्वेन म्हणाला. ‘‘खोकं बघा की. हद्द झाली या दुकानदाराची. सोमवारी मी स्वतः हे त्याच्या काउंटरवर नेऊन आपटतो. ताई, तू माझं खोकं घे. कोरं आहे. पुन्हा पहिल्यापासून मार, मला काही घाई नाही.’’

आणि ते तो मनापासून म्हणत होता, हे विशेष. ड्वेन तोंडाचा फाटका, पण बहिणीवर त्याची माया आहे.

व्हर्लिनला वाट मोकळी होती. नुसतं बसून राहायचं. दुकानदाराला शिव्या बसल्या असत्या, आर्डिसने ड्वेनची काडतुसं मारली असती, तवा घरी आला असता. आर्डिस त्याच्याकडे बघत नव्हती. ती थाळ्यांकडे तोंड करून उभी होती आणि वाट बघत होती. कशाची, ते व्हर्लिनला उशिरा कळलं, पण कळलं. सकाळी पिकअपमध्ये कशाची बघत होती, त्याचीच.

तो उठला. गुडघा वाजला, तो सगळ्यांना ऐकू आला.

‘‘दुकानदाराचं काही नाही,’’ तो म्हणाला. ‘‘ती माझी आहेत. मी भरली आणि त्या खोक्यात घातली. तिला न सांगता.’’

एकमेकांची भरलेली काडतुसं न उडवणाऱ्या लोकांसमोर हे सांगणं म्हणजे काय, ते इथल्याच माणसाला कळेल. ऑपलबाईंनी शिट्टी तोंडातून काढली. ड्वेनने तोंड उघडलं आणि, हे आम्ही पहिल्यांदाच पाहिलं, काही न बोलता मिटलं.

आर्डिस वळली. ‘‘वाचा फुटली का एकदाची?’’

‘‘तुला ठाऊक होतं.’’

‘‘दुकानदार बुडावर लाल रेघा मारत बसतो का रे, व्हर्लिन? काल खोकं खाली काढून बघितलं मी. म्हटलं, बघू हा गडी कुठवर जातो. आल्सेथच्या गाईंपर्यंत गेलास.’’

‘‘ठाऊक होतं तर मारलीस कशाला?’’ व्हर्लिन म्हणाला. ‘‘पुन्हा तसंच झालं असतं तर?’’

‘‘झालं नसतं. गुरुवारी मी चष्मा विसरले म्हणून अर्ध्या वाटेतून परत आले होते. गॅरेजच्या खिडकीतून बघितलं तुला. प्रत्येक पुंगळीत बॅटरी मारत होतास, गोळी बसवायच्या आधी पुन्हा मारत होतास. जन्मभर एकदाच मारायचास. एप्रिलमध्ये घाबरले होते मी. तुला ते दिसलंच नाही, तू फ्रिज सरकवत बसलास.’’

‘‘मीपण घाबरलो होतो,’’ व्हर्लिन म्हणाला. उभ्या संसारात इतकं मोठं वाक्य तो बहुधा पहिल्यांदाच बोलला असावा.

‘‘मग तेव्हाच सांगायचं होतंस.’’ ती ऑपलबाईंकडे वळली. ‘‘नवरा माझ्याच घरचा आहे. नियमात बसतं ना?’’

‘‘बसतं,’’ ऑपलबाई म्हणाल्या. ‘‘पण चाक पुन्हा अडणार. ड्वेनची घेतलीस तर पहिल्यापासून वेळ देते. हीच मारायची असली तर घड्याळ थांबवणार नाही, ते आत्ताही चालू आहे.’’

‘‘चालू दे.’’

आणि आर्डिसने सरकलेलं काडतूस बाजूला ठेवलं, खोक्यातून दोनच उचलली, चाकात घातली. दोनच. बघा, डोकं कसं चालतं बाईचं. पाच घातली की पाचव्याला चार लाथा बसतात आणि गोळी सरकते. दोन घातली तर दुसरीला एकच बसते, तेवढ्याने ती सरकत नाही. टण, टण. चाक उघडलं, रिकाम्या पुंगळ्या पाडल्या, पुन्हा दोन. ऊन चढत होतं, घड्याळ पळत होतं, आणि ती सावकाश, जेवणाला बसल्यासारखी, दोन दोन उचलत होती. व्हर्लिन बाकावर बसून बघत होता. तिने हात घालताना खोक्याकडे बघितलं नाही. थाळ्यांकडे बघत हात घालत होती.

शेवटची थाळी पडली तेव्हा एकही चुकली नव्हती. वेळेत मात्र ती ड्वेनच्या मागेच काय, नव्याने मारायला लागलेल्या दोन पोरींच्याही मागे गेली. ऑपलबाईंनी आकडा मोठ्याने वाचला आणि कोणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच वाजवली.

तवा ड्वेनला मिळाला. जेवताना तो त्याने मांडीवर घेतला होता, पण त्याला काही मजा येईना. रुबार्ब घातलेल्या गोड ‘पाय’चा दुसरा तुकडा संपल्यावर तो व्हर्लिनच्या शेजारी येऊन बसला.

‘‘दाजी, तो एप्रिलमधला फोन माझा होता ना?’’

‘‘होता.’’

‘‘मग मला का नाही बोललात?’’

‘‘फोन तुझा होता. पुंगळी माझ्या हातात होती.’’

ड्वेनने तव्याकडे पाहिलं, मग रिकाम्या ताटलीकडे. ‘‘तुमचा तो मोठा पाना मिळेल का दोन दिवस?’’ तो म्हणाला.

घरी आल्यावर आर्डिसने हॉटडिशचं भांडं धुतलं. चुलीवरच्या भिंतीला खिळा होता आणि त्याभोवती तव्याच्या आकाराचा स्वच्छ गोल, बाकी भिंत धुराने पिवळट झालेली. व्हर्लिन त्या गोलाकडे बघत उभा होता.

‘‘मुरड सैल होती,’’ तो म्हणाला.

‘‘होती. तुझ्या त्या तोफेतून तपासलीस, माझ्यातून तपासली नाहीस. मागितलं असतंस तर दिलं असतं.’’ तिने हात पुसले. ‘‘आणि माझी दुकानातली कुठे आहेत?’’

‘‘ओटच्या डब्यात.’’

‘‘बुधवारपर्यंत तिथेच राहू देत. लापशी करायच्या आधी काढ.’’

तिने कपाटातून ते छोटं रिव्हॉल्व्हर काढलं, ते रिकामं आहे हे चाक उघडून त्याला दाखवलं आणि त्याच्या हातात दिलं. मग त्याच्या सदऱ्याच्या खिशातून लाल पेन काढून घेतलं, त्याला एक दोरा बांधला आणि तव्याच्या खिळ्याला टांगलं.

‘‘हे इथे राहील,’’ ती म्हणाली. ‘‘भरून झाली की माझी काडतुसं इकडे आणायची. बसून सांगायचं मला कशी भरलीस, मी न विचारता. मग रेघ मी मारीन.’’

व्हर्लिन हो म्हणाला आणि गॅरेजमध्ये जाऊन मुरड थोडी आवळून आला.